तिसरा गिअर, मुक्काम गारगोटी

नाशिकहून निघाले तेव्हा बॅगेत दोन साड्या, औषधांचा डबा आणि जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळलेला एक तुटका गिअर होता. सकाळच्या गाडीने पुणे, तिथून दुसऱ्या गाडीने कोल्हापूर. पुण्याला शेजारी येऊन बसलेल्या बाईंनी चिक्कीचा तुकडा पुढे करत विचारलं, "अंबाबाईला का?" मी हो म्हटलं. साठीला आलेली बाई एकटी कोल्हापूरला निघाली की देवीलाच निघाली असणार, हे लोकांनी धरलेलंच असतं. शर्यतीच्या गाडीचे जुने पार्ट आणायला चाललेय असं सांगितलं असतं, तर साताऱ्यापर्यंत खुलासाच करत बसावं लागलं असतं.

तो खुलासा इथे करते. माझे यजमान विलास यांचं नाशिकला गाड्या दुरुस्तीचं वर्कशॉप होतं आणि रॅलीचा नाद होता. रॅली म्हणजे डोंगरातल्या मातीच्या रस्त्यांवर गाड्या एकेक करून सोडतात आणि प्रत्येकीचा वेळ मोजतात. विलास चालवायचा. मी शेजारी बसून वहीतून पुढचं वळण वाचून सांगायचे: डावीकडे तीव्र, मग उतार, मग उजवीकडे अर्धं. शाळेत भूगोल शिकवणारी बाई सुट्टीच्या दिवशी हेल्मेट घालून धुळीत बसते याची आमच्या गल्लीत बरीच चर्चा व्हायची. अकरा वर्षं आम्ही हे केलं.

मग गाडी बरीच वर्षं नुसती उभी होती. माझ्या निवृत्तीनंतर विलासने ती पुन्हा बाहेर काढली आणि पहिल्याच चढावर तिसऱ्या गिअरचे दात गेले. त्याने गिअरबॉक्स उतरवून बेंचवर उघडला, आणि त्याच महिन्यात तो आजारी पडला, त्यातच गेला. दोन वर्षं तो बॉक्स तसाच उघडा होता, वर जुनी चादर. मध्यंतरी एक जण गाडी बघायला आला. म्हणाला, "बॉक्स नाही म्हणजे सांगाडाच आहे हा. कापून नेतो." मी त्याला चहाही विचारला नाही. त्या दिवशी ठरवलं की विकायची की ठेवायची ते नंतर बघू, आधी गाडी चालती करायची.

अडचण अशी की शर्यतीच्या गाडीला साध्या गाडीचे गिअर चालत नाहीत. ते मुद्दाम एकमेकांच्या जवळचे कापलेले असतात, म्हणजे चढावर गिअर बदलला तरी गाडीचा जोर मोडत नाही. आमच्या गाडीचा सेट कोल्हापुरातल्या एका कारागिराने कापला होता. तो कारागीर आता नाही आणि त्याचे साचेही नाहीत. त्याच्या हातचे जे चार-सहा सेट कुठेकुठे पडून असतील, त्यांतलाच एखादा मिळाला तर मिळाला.

संध्याकाळी कोल्हापुरात उतरले. बसस्थानकाजवळच्या लॉजवर मॅनेजरने वही पुढे केली आणि माझ्या मागे कोणी आहे का ते पाहिलं. "एकट्याच?" "एकटीच." "दोन खाटांची खोली हाय, चालंल?" चालेल म्हटलं. एका खाटेवर बॅग ठेवली, दुसरीवर मी बसले. खाली रस्त्यावर लोक एकमेकांशी भांडल्यासारखे मोठ्याने बोलत होते. थोडा वेळ ऐकल्यावर कळलं की ती मुलीच्या साखरपुड्याची बोलणी होती.

थोडं फिरून यावं म्हणून बाहेर पडले. एका चौकात कट्टा भरला होता. कट्टा म्हणजे दुधाचा (म्हशी तिथेच आणून बांधतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून पेला हातात देतात). फेसाळ, कोमट दूध उभ्याउभ्या प्यायले. माझ्या आजूबाजूला सगळे जोडीने, नाहीतर घोळक्याने आलेले. म्हशीवाल्याने रिकामा पेला घेताना "आनि एक?" असं विचारलं, तेवढंच त्या संध्याकाळचं माझं संभाषण.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिसळ खाल्ली. कट (वरचा तिखट रस्सा) वेगळ्या भांड्यात मागून घेतला तरी डोळ्यांत पाणी आलं. मग रिक्षाने उचगाव गाठलं. शहर संपतं आणि शेतं सुरू होतात त्या सांध्यावर हे मोठं गाव आहे. एका बाजूला लेथची घरघर, दुसऱ्या बाजूला ऊस. शौकतभाईंचं पत्र्याचं वर्कशॉप तिथेच आहे. शर्यतीच्या गाड्यांचे जुने पार्ट हा माणूस पंचवीस-तीस वर्षं विकतोय. विलासची आणि त्यांची ओळख रॅलीतली, मी त्यांना फक्त फोनवर ऐकलं होतं.

"या वहिनी," ते म्हणाले. खुर्ची फडक्याने पुसली. "विलासराव गेल्याचं कळलं. यायला जमलं न्हाई. मानूस सरळ हुता."

त्यांनी बेंचवर वर्तमानपत्र पसरून त्यावर गिअर मांडले. फोनवर फोटो पाठवला होता तोच सेट. मी टॉवेल सोडून माझा तुटका गिअर शेजारी ठेवला. दात जुळले, माप जुळलं. मग मी तिसरा गिअर उचलून त्याच्या कडेचे ठोकळ्यासारखे दात नखाने चाचपले. कारागीर त्यांना डॉग म्हणतात. गिअर पडला की हेच एकमेकांना धरून ठेवतात. त्यांच्या कडा धारदार हव्यात. या गोल झाल्या होत्या.

"शौकतभाई, गाडी जोरात असताना हा निसटेल," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा लावला, गिअर उजेडात धरला आणि बराच वेळ पाहिला. "तुमाला कळतंय की," ते म्हणाले. "मी फोटोवर इकत हुतो. ह्यो तुमाला द्याचा न्हाई."

चहा आला. अर्धा पेला झाल्यावर ते म्हणाले, "ह्याच हातचा एक सेट हाय. जास्त चाललेलाच न्हाई. चौदा वर्सं बाहिर काडला न्हाई त्यानं. गारगोटीला, सर्जेराव म्हनून हायत. तुमाला म्हाईत असतील की. तुमच्या नाशकातच ॲक्सिडेंट झालता."

मी पेला खाली ठेवला. मला माहीत होते.

त्या रॅलीचं सांगायला हवं. सटाण्याकडचे डोंगर, भर दुपार. नियम असा असतो की कोणाची गाडी उलटली आणि आतली माणसं ठीक असतील, तर त्यांनी 'ओके' लिहिलेली पांढरी पाटी मागच्या गाडीला दाखवायची. पाटी दिसली नाही तर मागच्याने थांबायचंच, मग वेळ गेला तरी चालेल. एका उतारावर धुळीतून मला डाव्या हाताला घाणेरीच्या झुडपात कलंडलेली गाडी दिसली. तिच्याजवळ काहीतरी पांढरं होतं. विलासची नजर रस्त्यावर होती. त्याने विचारलं, "ओके आहे?" आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा जिंकण्याच्या बेतात होतो. मी म्हटलं, "ओके आहे."

ते पांढरं म्हणजे जमिनीवर पडलेलं हेल्मेट होतं, हे मला संध्याकाळी तळावर कळलं. आमच्या मागची गाडी आधीच बंद पडली होती, त्यामुळे सगळ्यांच्या मागून रस्ता तपासत येणारी शेवटची जीप पोचेपर्यंत सर्जेराव पाऊण तास तिथे पडून होते. आम्हाला बक्षीस मिळालं. आम्हाला कोणी काही विचारलं नाही, आणि मी विलासलाही कधी सांगितलं नाही. दोन वर्षांनी मी पाठदुखीचं निमित्त करून शेजारची सीट सोडली. माझ्यावाचून त्यालाही गोडी राहिली नाही.

उचगावहून लॉजवर परतले आणि उरलेला दिवस खोलीत काढला. नाशिकची परतीची गाडी सकाळी होती. गारगोटीचीही सकाळीच होती. बोलायला कोणी असतं तर बरं झालं असतं. मुलीला पुण्याला फोन लावला, पण ती मीटिंगमध्ये होती. "आई, काही अर्जंट?" नाही म्हटलं.

सकाळी स्थानकावर गेले आणि गारगोटीच्या गाडीत बसले. फार विचार करून नव्हे; ती आधी लागली होती.

रस्ता सुंदर आहे. हिवाळ्याचे दिवस, दोन्ही बाजूंना तुऱ्याला आलेला ऊस, मधूनच गुऱ्हाळाचा धूर आणि खिडकीतून आत येणारा गरम गुळाचा वास. उसाच्या ट्रॅक्टरांमागे गाडी रखडत होती. मुदाळ तिट्ट्याला (तीन रस्ते एकत्र येतात त्याला इकडे तिट्टा म्हणतात) गाडी थांबली तेव्हा एक आजोबा चढले आणि माझ्या बॅगेकडे बोट दाखवून म्हणाले, "पावणं, मांडीवर घ्या की. मलाबी बसाचं हाय." मी बॅग उचलली. "लई जड दिसतीया. काय हाय?" लोखंड आहे म्हटलं. "आसंल," ते म्हणाले आणि झोपून गेले.

गारगोटी तालुक्याचं गाव. बाजारपेठ, शाळा सुटाव्यात तशी पोरांची गर्दी, मागे डोंगरांची रांग. सर्जेरावांचं घर विचारायला त्रास पडला नाही. गावाबाहेर वेदगंगेच्या बाजूला घर, समोर गोठा, सहा म्हशी. ते गोठ्याच्या दारात खुर्चीवर बसून मोबाइलवर दूध संघाचा निरोप वाचत होते. डावा पाय सरळ पुढे ठेवलेला. तो गुडघ्यात वाकत नाही हे मी ऐकून होते, पण ऐकणं वेगळं, बघणं वेगळं. डावा पाय म्हणजे क्लचचा.

"शौकतचा फोन आलता," ते म्हणाले. "विलासरावांच्या मंडळी न्हवं? बसा. आवो, पानी आना." आतून त्यांच्या पत्नी मालनताई तांब्या घेऊन आल्या आणि माझ्याकडे बघून सहज म्हणाल्या, "एवडं लांब एकट्या आलासा?"

गिअर एका पत्र्याच्या डब्यात, तेलात भिजवलेल्या गोणपाटात होते. सर्जेरावांनी ते स्वतः एकेक काढून पुसले. अशी निगा मी विलासच्या हातात पाहिली होती. तिसरा गिअर मी नखाने तपासला. कडा कोऱ्या होत्या. माझा तुटका गिअर शेजारी ठेवल्यावर त्यांनी तो उचलला, मोडलेल्या दातांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "चडावर गेला का?" हो म्हटलं. भाव त्यांनी सांगितला, मी दिला. सगळा सेटच न्या म्हणाले, एकटा गिअर काढला की बाकीचे वाया जातात. पोतं बांधून झालं. दीडची गाडी होती. मला उठता आलं असतं.

"जेवल्याबिगर कसं जाशिला," मालनताई म्हणाल्या. ओट्यावर पाट मांडले. ज्वारीची भाकरी, वाटाण्याची आमटी, खर्डा (हिरव्या मिरचीचा ठेचा) आणि कवडी पडलेलं घट्ट दही. सर्जेराव खुर्चीवरच ताट घेऊन बसले. जेवताना ते विलासबद्दल बोलू लागले.

"दवाखान्यात मला बगायला आलतं. एकटंच. तुमची काय तरी परीक्षा हुती शाळंत. मोसंबी घिऊन आलतं." त्यांनी भाकरी मोडली. "त्येंनीच सांगिटलं की पाटी दावली म्हनून आमी फुडं गेलो. मला तर सुद न्हवती. माज्या शेजारी दिनकर हुता, माजा चुलतभाऊ. त्यो म्हनला, मी पाटी दावलीच न्हाई, मी आडवाटंनं मदत आनायला पळालो हुतो. आता विलासराव कशाला खोटं बोलतील? मी दिनकरला म्हनलं, तू घाबरून पाटी दावलीस आनि मला सोडून पळालास. त्या दिसापासनं बोलनं न्हाई. त्येच्या पोरीच्या लग्नालाबी गेलो न्हाई. त्ये बगा, नारळाचं झाड दिसतंय न्हवं, त्येच्या फुडचं घर त्येचं."

मी नारळाकडे पाहिलं. हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर होता.

इथवर मला वाटत होतं की माझं खोटं पाऊण तासाचं होतं. ते चौदा वर्षांचं निघालं, आणि त्यात मला कधी न भेटलेला एक माणूस अडकला होता. मी ताट थोडं पुढे सरकवलं आणि म्हटलं, "दिनकरराव खरं बोलत होते."

सर्जेरावांनी मान वर केली.

"पाटी नव्हती. विलासने मला विचारलं, मी ओके सांगितलं. मला पांढरं काहीतरी दिसलं, ते नीट बघायला मी थांबवलं नाही. आम्ही पुढे होतो म्हणून. विलासला हे माहीत नव्हतं. त्याने तुम्हाला सांगितलं ते माझ्या शब्दावर सांगितलं."

मालनताईंचा हात आमटीच्या पळीवर तसाच राहिला. गोठ्यात एका म्हशीने साखळी ओढली. सर्जेरावांनी ताटातली उरलेली भाकरी सावकाश संपवली, हात धुतला, टॉवेलला पुसला. मी माफी मागितली. ती त्यांनी ऐकली की नाही कळलं नाही.

"तुमी सांगून मोकळ्या झालासा," अखेर ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "आता मला जायाला पायजे त्येच्याकडं. ह्या पायानं."

मी म्हटलं, मीही येते, मीच त्यांना सांगते.

"नगं. तुमी त्येला काय म्हनला न्हवता. मी म्हनलो हुतो."

त्यांनी काठी घेतली आणि निघाले. सरळ पाय प्रत्येक पावलाला बाहेरून अर्धगोल फिरवून आणावा लागत होता. आम्ही दोघी ओट्यावरून बघत राहिलो. मालनताईंनी मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "दही तसंच ठिवलासा." मी दही खाल्लं. ताट मी धुते म्हटलं तर त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. नाही म्हणाल्या नाहीत, नुसतं काढून घेतलं.

दीडच्या गाडीची वेळ झाली तरी सर्जेराव परतले नव्हते. पोतं एकटीला उचलेना. मालनताईंनी दुसरं टोक धरलं आणि आम्ही दोघींनी ते रस्त्यापर्यंत आणलं. गाडीत चढवून झाल्यावर त्या खाली उभ्या होत्या. काहीतरी बोलतील म्हणून मी खिडकी सरकवली. त्यांनी फक्त हात वर केला, निरोपाचा की आता जा असं सांगणारा, ते मला समजलं नाही. गाडी वळली तेव्हा नारळाखालचं घर दिसतं का ते पाहिलं. मध्ये ऊस होता.

त्या रात्री कोल्हापुरात थांबले आणि सकाळी पुण्याची गाडी धरली. पोतं पायाशी घेऊन खिडकीजवळ बसले. कऱ्हाड गेलं, सातारा गेला, खंबाटकीचा घाट आला. अशा प्रवासात एरवी मनातल्या मनात मी वळणं वाचत असते, जुनी सवय. त्या दिवशी एकही वाचलं नाही. विलास दवाखान्यात मोसंबी घेऊन एकटा गेला, खुर्ची ओढून बसला आणि माझा शब्द खरा धरून बोलला, एवढंच डोळ्यांसमोर येत होतं. परत येऊन त्याने मला विचारलं होतं, "तू का नाही आलीस?" मी उत्तरपत्रिका तपासत होते. खरंच तपासत होते. सहा महिन्यांपूर्वीच्या चाचणीच्या.

नाशिकला पोचले तेव्हा दिवे लागले होते. रिक्षावाल्याने पोतं फाटकाच्या आत ठेवून दिलं. वर्कशॉपचं शटर अर्धं उघडून मी ते ओढत बेंचपर्यंत नेलं आणि तिथेच स्टुलावर बसले. तेवढ्यात फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

"पोचलासा का?" सर्जेराव होते.

"आत्ताच. शटर उघडलं."

"बरं."

ते फोन ठेवतील असं वाटलं, म्हणून मी घाईने विचारलं, "दिनकरराव?"

"दार उगडलं न्हाई त्येनं. काल गेलो, आज सकाळी गेलो. वयनी खिडकीतनं बोलल्या, आंगोळीला गेल्यात म्हनून." पलीकडे चरवीत पडणाऱ्या धारेचा आवाज येत होता. "दोनदा कोन आंगोळीला जातंय? आतच बसलंय. उद्या परत जातो."

"उघडतील," मी म्हटलं.

"न्हाई उगडलं तरी जातो. काय काम हाय मला." आणि त्यांनी फोन ठेवला.

मी फोन हातात घेऊन बसून राहिले. घर पुढच्या बाजूला आहे, पण आत जाऊन दिवा लावायला मन होईना. प्रवासाला गेलेलं माणूस परतलं की घरच्यांना सगळं सांगतं: काय खाल्लं, कोण भेटलं, काय चुकलं. मला सांगायचं होतं ते एकाच माणसाला सांगायचं होतं आणि तो होता तोवर कुठल्याही दिवशी सांगता आलं असतं, चहा पिताना, गाडी धुताना. तो रागावला असता. कदाचित गारगोटीला घेऊन गेला असता मला, तेव्हाच. सर्जेरावांना रोज सकाळी एका दारापर्यंत जाता येतं. ते बंद असलं तरी त्यामागे माणूस आहे.

थोड्या वेळाने उठले आणि पोत्याची दोरी सोडली. गिअरबॉक्स जोडायला एक मिस्त्री सकाळी येणार होते, तोवर गिअर पुसून मांडून ठेवायचे होते. रॉकेलचं भांडं, ब्रश, जुनं धोतर फाडून केलेली फडकी, सगळं त्याच्या त्याच्या जागेवर होतं. पहिला, दुसरा, तिसरा असे ओळीने ठेवत गेले, आणि ठेवता ठेवता, तिथे कोणी नसताना, मोठ्याने सांगायला लागले: सटाण्याचा उतार, डावीकडे घाणेरी, धूळ, आणि पाटी नव्हती, विलास, पाटी नव्हती.